लायसन्स मराठीत करून आणा

आमच्या धंद्यात एक शब्द चुकूनही टाइप करायचा नसतो, तो म्हणजे भाडेकरू. माणूस घरात राहतो, महिन्याच्या महिन्याला पैसे देतो, किल्ली त्याच्या खिशात असते, भिंतीला खिळा तोच ठोकतो, पण कागदावर तो भाडेकरू नसतो. तो लायसेन्सी. कारण एकदा भाडेकरू म्हटलं की तो कायद्याने चिकटतो आणि मालकाच्या नातवंडांना सुद्धा हलवता येत नाही. म्हणून अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स करायचं आणि बारावा महिना लागू द्यायचा नाही. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये, एका वकिलांच्या जिन्याखाली टेबल टाकून, मी आयुष्यभर असले कागद टाइप केले. आधी टाइपरायटर होता, पुढे कॉम्प्युटर आला. जिना मात्र तोच राहिला, आणि वरून उतरणाऱ्या चपलांची माती माझ्या कागदांवर पडायची तीही.

या अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर विचारलं, की टायपिंगच्या धंद्यात लिहिण्यासारखं काय असतं? मी म्हटलं, काहीच नसतं, लोकच लिहून घेतात. त्या हसल्या आणि पानं राखून ठेवते म्हणाल्या. आता पानं राखली आहेत तर भरली पाहिजेत.

रोजचा दुसरा कागद म्हणजे दोन नावांचं ॲफिडेव्हिट. लग्नात नवऱ्याने तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे, आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या दाखल्यातली मुलगी गायब. आमच्या सिंधी शेजाऱ्यांतही तेच, सून घरात आली की नाव बदललं. पुढे बँक निघते, फंड निघतो, फ्लॅट निघतो, तेव्हा दाखल्यावर एक नाव आणि रेशनकार्डावर दुसरं. मग ती बाई माझ्या जिन्याखाली येते. "शपथेवर लिहून देते की वर नमूद केलेली दोन्ही नावे माझीच असून दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे." हे वाक्य मी झोपेतही टाइप करीन. एकदा बारवीकडच्या एका पाड्यावरून एक म्हातारी आली होती. एका कागदावर चांगुणा, दुसऱ्यावर चांगी. मी तिला ते वाक्य वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाय, दोन्ही मीच हाय. तं ही तिसरी कोन, शपथ घेनारी?" मी शाईचं पॅड पुढे केलं, तिने अंगठा उठवून दिला.

आणखी एक सांगते, कारण पुढे ते लागणार आहे. टाइप केलेलं विसरायचं, हा आमचा नियम. कुणाची सून वेगळी राहायला निघाली, कुणाचं लग्न मोडलं, कुणाचं खरं वय किती, हे सगळं माझ्या बोटांखालून जायचं. वकीलसाहेब पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "बाई, बोटांना कळू द्या, तोंडाला नको." हे मी पाळलं. याचा मला अभिमान आहे, आणि याचाच सगळ्यात जास्त त्रासही झाला.

नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं असतील. एका सकाळी लाजवंतीभाभी प्लास्टिकची पिशवी घेऊन टेबलाशी आली. तिचं दुकान माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. पूर्वी तिथे जीन्स शिवायची मशिनं होती. नवऱ्याची नजर अधू झाली, शिवण वाकडी जाऊ लागली, मशिनं विकली गेली आणि त्या जागी भाभीने चार कॉम्प्युटर मांडले. सकाळी क्लास, बाकी वेळ तासावर गेम. घर त्याच्यावरच चालायचं. ती मला अदी म्हणायची, सिंधीत अदी म्हणजे बहीण.

"अदी, परवाना खात्याचा साहेब आला होता," ती म्हणाली. "बोलतो, गेम का लायसन्स दिखाओ. मैंने दिखाया. बोलतो, हे इंग्लिश आहे, मराठीत करून आणा."

"कुठलं लायसन्स दाखवलंस?"

तिने पिशवीतून एक चकचकीत खोका काढला आणि खोक्यातून घड्यांवर घड्या घातलेला पातळ कागद. "डब्ब्यातच मिळालं. ओरिजिनल आहे. माझा दीर सिंगापूरहून लाया." ओरिजिनल हा शब्द ती सावकाश म्हणाली. कॅम्प तीनमध्ये, जिथे सगळ्याच मालाची नक्कल मिळते, तो शब्द सावकाशच म्हणावा लागतो, नाहीतर लोक हसतात.

कागदावर वरच मोठ्या अक्षरांत लायसन्स असं छापलेलं होतं, हे खरं. साहेबांनी म्हणे तो उलटसुलट करून पाहिला आणि कचेरीचं काम मराठीत चालतं म्हणाले. शिवाय आणखी एक मागणी. कुणीतरी तक्रार केली होती, की दुपारी पडदा लावून आत बायका बसतात. म्हणून दुपारी कोण कोण येतं त्यांची नावं आणि पत्ते हवे. दोन्ही गोष्टी पुढच्या आठवड्यात मिळाल्या नाहीत तर दुकानाला कुलूप.

"तू गुमास्ता दाखवला नाहीस?" मी विचारलं. गुमास्ता म्हणजे दुकानाचा परवाना.

"तो जीन्सचा आहे. त्याच्यात गेम कुठे आहे? गेम का लायसन्स ये है, लिखा तो है."

मलाही ते पटलं. लायसन्स म्हणजे लायसन्स. रेडिओलाही पूर्वी लागायचं, बंदुकीला लागतं, गेमला लागत असेल. मी कागद ठेवून घेतला आणि म्हटलं, उद्या ये.

उद्यावर कसलं भागतंय. मराठी दस्तात दोन माणसं असतात, एक लिहून देणार आणि एक लिहून घेणार. कुठलाही कागद आला की आधी ही दोन माणसं शोधायची, बाकीचं आपोआप जमतं. या कागदात पहिल्या ओळीपासून नुसतं 'तुम्ही, तुम्ही' चाललेलं. तुम्ही हे करू नये, तुम्ही ते मान्य केलं आहे. हा तुम्ही कोण? भाभी? भाभीचा दीर? का जो वाचेल तो? वाचत तर मी होते. पुढे लिहिलं होतं की हा खेळ तुम्हाला विकलेला नाही, फक्त वापरायचं लायसन्स दिलं आहे. म्हणजे पैसे दिले, खोका घरी आणला, पण मालक नाही. हे मला ओळखीचं वाटलं. लिव्ह अँड लायसन्सच की हे. मी खुशीत माझा जुना मजकूर काढला आणि नावं भरायला बसले, तर गाडी पुन्हा अडली. घर कुणाचं? कॉम्प्युटर भाभीचा. त्यात येऊन राहिला गेम. मग भाभी मालक आणि गेम लायसेन्सी व्हायला हवा. कागद म्हणत होता उलटं. पाहुणा आपल्या घरात येऊन राहिला आणि आपणच त्याचे लायसेन्सी, असं कधी कुणी ऐकलं आहे का?

शेवटी एक वाक्य होतं, की पाकीट फोडलं म्हणजे या सगळ्याला तुमची संमती आहे. कागद होता पाकिटाच्या आत. मी जिना चढून वकीलसाहेबांना विचारलं.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "साक्षीदार?"

"नाहीत."

"स्टॅम्प? सही? अंगठा?"

"काहीच नाही. कॉम्प्युटरवर 'मान्य आहे' असं एक बटण येतं म्हणे, ते दाबायचं."

"कुणी दाबलं?"

ते मी भाभीला विचारलं होतं. मशीन जोडून देणाऱ्या माणसाने दाबलं होतं. पाकीटही त्यानेच फोडलं.

"त्याच्याकडे बाईचं मुखत्यारपत्र होतं?"

"तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला होता, साहेब. मुखत्यारपत्र कसलं."

वकीलसाहेबांनी कागद माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "बाई, यात संमती आहे, पण संमती देणारा कुणी नाही. तुम्ही शब्दाला शब्द ठेवून मोकळ्या व्हा." आणि चष्मा खाली घेऊन दुसऱ्या अशिलाकडे वळले.

पण दस्त म्हटला की मिळकतीचं वर्णन लागतं. चतुःसीमा लागतात, पूर्वेला काय, पश्चिमेला काय. इथे तर मिळकतच मी पाहिलेली नव्हती. म्हणून दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी भाभीच्या दुकानात गेले. पडदा सारला आणि दारातच थांबले.

आत चारही मशीनवर बायका. कुणाच्या मांडीवर भाजीची पिशवी, कुणाचा पदर खोचलेला, एकीच्या हाताला अजून कणीक. मशीनच्या पडद्यावर एक नदी खाली धावत होती, त्यात खडक, भोवरे, मगरी, आणि मधून एक छोटी होडी काढायची. बायका त्याला होडीच म्हणायच्या. गेमचं खरं नाव कुणालाच उच्चारता येत नव्हतं. घरी सगळ्यांनी सांगितलेलं, कॉम्प्युटरच्या क्लासला जाते, नाहीतर फॉल-पिकोला. कुणी काही बोलत नव्हतं. होडी खडकावर आपटली की एखादी "मेली" म्हणायची आणि पुन्हा सुरू करायची. मी बदलापूरला राहणारी, सकाळी डबा आणि संध्याकाळी स्वयंपाक यात अडकलेली बाई. बायका नुसत्या बसल्या आहेत आणि कुणासाठी काही करत नाहीत, असं दृश्य मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांचा हेवा वाटला, सरळ सांगते.

"पूरब में पंखा, पच्छम में दीवार," भाभी चतुःसीमा सांगत होती. "और क्या लिखना है?"

एका कॉम्प्युटरसमोरची बाई वळली आणि मला पाहून तिचा रंग उडाला. मी तिला ओळखलं. अंबरनाथहून शेअर रिक्षाने येणारी, शांत, नीटनेटकी. वर्षभरापूर्वी तिचं दोन नावांचं ॲफिडेव्हिट मीच केलं होतं. सौ. अनुराधा दळवी, लग्नापूर्वीची शालन सावंत. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, आमच्याकडे हे चालत नाही. कुठे बोलू नका हं."

"मी फक्त टाइप करते," मी म्हटलं.

ती परत जाऊन बसली आणि तिची होडी अशी काही निघाली, की बाकीच्या खेळ सोडून तिच्या मागे उभ्या राहिल्या. खेळ संपला तेव्हा पडद्यावर यादी आली, सगळ्यांत जास्त गुण मिळवणाऱ्यांची. इंग्रजी अक्षरांत नावं. पहिलं शालन. मग पोपटी, हासी, बेबी, कुसुम, परत शालन.

"हे नाव कशाला मागतो?" मी भाभीला विचारलं.

"मागतो. मग कुठलं टाकणार? घरातलं टाकलं तर कोणी बघेल. म्हणून मी सांगते, मायके का नाम डालो. ते कोणाला माहीत नसतं." मग तिने कपाटातून खोक्यातलंच एक जाड कार्ड काढलं. कंपनीला पोस्टाने पाठवायचं. त्यात विचारलं होतं, घरात कोण कोण खेळतं, त्यांची नावं काय, वय काय, पत्ता काय. "रजिस्ट्रेशन म्हणतात. देखो अदी, कंपनी को नाम चाहिए, साहेब को नाम चाहिए. मेरे पास नाम है किधर? जो है वो शादी के पहले के हैं."

तिने मलाही एकदा होडी चालवायला बसवलं. मी पहिल्याच भोवऱ्यात बुडाले. कशी कोण जाणे, तळाची जागा रिकामी असावी, मलाही नाव विचारलं. मी सवयीने पूर्ण नाव आडनावासकट टाइप करायला लागले. ते मावेना. भाभी म्हणाली, "ये नहीं, मायकेवाला." आणि मला सुचेना. माझ्या लग्नात माझं नाव बदललंच नव्हतं. आहे तेच छान आहे, असं हे म्हणाले होते, आणि मी इतकी वर्षं ते कौतुकाने सगळ्यांना सांगत होते. त्या दुपारी कळलं की मला लपायला दुसरं नावच नाही. मी रिकामी ओळ सोडून उठले.

टेबलावर येऊन मी भाषांतर संपवलं. तेव्हा कागदाच्या मध्यावर, बारीक अक्षरांत, ते कलम सापडलं. हा खेळ एकाच मशीनवर ठेवावा. हा खेळ कुणालाही भाड्याने देऊ नये. भाभी ज्या कागदाने दुकान वाचवायला निघाली होती, तोच कागद सांगत होता की हे दुकान असायलाच नको.

संध्याकाळी ती आली तेव्हा मी तिला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तेवढं सोडून दे ना. साहेब इतकं बारीक नाही वाचणार."

"खाली 'खरे भाषांतर' लिहून सही माझी असते, भाभी."

"तो फिर भाड्याने म्हणू नको. तुम्हारे उसमें कैसा लिखते हैं, भाडेकरू नाही लिहायचं, लायसेन्सी लिहायचं."

तिने माझाच धंदा मला शिकवला. मला हसू आलं. कलम तसंच ठेवलं. तिने भांडण केलं नाही, फक्त पिशवीची गाठ सोडत बांधत बसली. वर साहेबांच्या नावाने एक अर्ज जोडायचा होता, म्हणून मी विचारलं, साहेबांचं नाव काय?

"दळवी. अंबरनाथला राहतो."

माझी बोटं थांबली. दळवी ढिगाने असतात, मी मनाला सांगितलं. पण ॲफिडेव्हिटमध्ये नवऱ्याच्या नोकरीचा कॉलम मीच भरला होता, आणि त्यात परवाना खातं लिहिलेलं मला आठवत होतं. विसरायचं म्हणून ठरवलेलं नेमकं आठवतं. भाभीला सांगावं तर तोंडाला कळू द्यायचं नव्हतं. न सांगावं तर साहेब येणार, यादी बघणार, आणि सगळ्यांत वर त्यांच्या बायकोचं नाव. काय करणं खरेपणाचं आणि काय करणं शहाणपणाचं, मला काहीच उमगेना. आजही उमगलेलं नाही.

मी आडून विचारलं, "ती गुणांची यादी पुसता येते का गं?"

मशीनवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, पूर्ण गेमच काढावा लागेल, आणि परत टाकायची फ्लॉपी खराब झाली आहे. कागदात बघितलं तर लिहिलं होतं, यात तुम्ही कोणताही बदल करू नये. नाव पुसणं हा बदल होतो का? लिहून देणार कुठे राहतो हे माहीत असतं तर विचारून आले असते. राहिला एकच मार्ग, कुणीतरी जास्त गुण मिळवून ते नाव खाली ढकलायचं. मी भाभीला एवढंच म्हटलं, की साहेब येण्याआधी यादीत वर तुमच्यातलं कुणीतरी असू दे, शालन नको. तिने माझ्याकडे रोखून बघितलं आणि कारण विचारलं नाही. धंदेवाली बाई, तिला न सांगितलेलं ऐकायची सवय होती. पुढच्या दोन दुपारी ती स्वतः, पोपटी आणि मी, पदर खोचून होड्या हाकत होतो. मी दर खेपेला मगरीच्या तोंडी जायची. पोपटी जवळपास पोचली आणि तिची मुलगी शाळेतून यायची वेळ झाली. शालनचं नाव पाटावर बसलेल्या गणपतीसारखं वरच राहिलं. ती स्वतः नेमकी त्या दोन दिवसांत आली नाही, आणि तिच्या दारी जाऊन सांगण्याचं धाडस मला झालं नाही.

साहेब आले. मध्यम वयाचे, बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, आवाज चढवून बोलणारे नव्हेत. पडदा भाभीने आधीच काढून टाकला होता आणि बायकांना येऊ नका सांगितलं होतं. साहेबांनी माझं भाषांतर उभ्या उभ्या वाचलं. सगळं वाचलं, मधलं बारीक कलमही.

"हे तर तुमच्याच विरुद्ध आहे," ते म्हणाले.

"जे आहे ते लिहिलंय, साहेब," मी म्हटलं.

"पण हे कंपनीचं लायसन्स आहे. मी मागितलं होतं ते सरकारचं. त्या दिवशी वाचायला वेळ नव्हता." त्यांनी कागद मागेपुढे केला. "म्हणजे लायसन्स आहे, पण हे ते लायसन्स नाही. आणि हे जे आहे त्यात मनाई आहे. पण ती मनाई आमची नाही." मला पहिल्यांदाच बरं वाटलं. माझ्याइतकाच गोंधळलेला माणूस मला भेटला होता.

"आणि नावं?" त्यांनी विचारलं.

"नावं वहीत नाहीत, साहेब," भाभी म्हणाली. "मशीनमध्ये आहेत. जेवढी आहेत तेवढी."

"दाखवा."

मी भिंतीकडे बघत राहिले. भाभीने कॉम्प्युटर चालू केला. नदी आली, होडी आली, मग यादी. साहेब वाकले. शिक्षकांसारखं एकेक इंग्रजी अक्षर म्हणत गेले. "एस, एच, ए, एल, ए, एन." थांबले. "शलन?"

"शालन," भाभी म्हणाली.

"कुठली?"

"अंबरनाथ से आती है कोई."

पंखा फिरत होता. साहेबांनी बाकीची नावं वाचली नाहीत. तिथेच, त्या एका ओळीवर डोळे ठेवून उभे राहिले. मला त्यांचा चेहरा अर्धाच दिसत होता. राग आला असता तर मला कळला असता, कारण रागावलेली माणसं मी जिन्याखाली पुष्कळ पाहिली आहेत. हे काही वेगळं होतं. किंवा काहीच नसेल. कदाचित ते नुसते गुण वाचत असतील.

"हे इतके गुण मिळणं अवघड असतं का?" त्यांनी विचारलं.

"बहुत," भाभी म्हणाली. "आम्ही तिघींनी करून बघितलं. नाही होत."

"चांगली खेळते म्हणजे," साहेब म्हणाले. मग सरळ उभे राहिले, खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं. "नावं राहू द्या. गुमास्त्यात कॉम्प्युटर क्लास घालून घ्या, आणि खेळाच्या परवान्यासाठी अर्ज करा. पडदा लावला तरी चालेल. ऊन येतं." आणि निघून गेले. माझं भाषांतर मात्र घेऊन गेले. त्याचं त्यांनी काय केलं कोण जाणे.

भाभीचं दुकान पुढे बरीच वर्षं चाललं, घरोघरी कॉम्प्युटर येईपर्यंत. कंपनीचं कार्ड तिने कधीच पाठवलं नाही. दुसऱ्या गेमच्या खोक्यांतूनही तसेच कागद यायचे. ती ते माझ्याकडे आणायची आणि विचारायची, "अदी, यात मी कोण आहे?" मला कधी नीट सांगता आलं नाही. आता माझ्या मोबाइलवर दिवसातून दहा वेळा 'मान्य आहे' विचारतात. मीही इतरांसारखी दाबून टाकते. भाडेकरू हा शब्द टाळण्यात हयात घालवलेली बाई, न वाचता संमती देते. जाऊ दे.

साहेब येऊन गेल्यावर काही दिवसांनी अनुराधाताई माझ्या टेबलाशी आली. कागद काही नव्हता. समोरच्या स्टुलावर बसली आणि पर्सच्या पट्ट्याशी खेळत राहिली.

"काल यांनी मला शालन म्हणून हाक मारली," ती म्हणाली. "ताटात तांदळावर नाव लिहिलं त्यानंतर पहिल्यांदा. आधी मी वळलेच नाही. मला वाटलं, दुसऱ्या कुणाला बोलवतायत. मग परत म्हणाले, शालन, मीठ दे."

"रागाने?"

"नाही. म्हणजे कळलं नाही. मी मीठ दिलं."

"मग?"

"मग जेवले. आणि आज सकाळी परत अनुराधा." तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही कागद करता. तुम्हाला काय वाटतं, मी काय समजायचं?"

साहेबांनी यादी वाचली हे मी तिला सांगितलं. तेवढंच माझं होतं, ते टाइप केलेलं नव्हतं. ती म्हणाली, "ते नाव त्या मशीनमधून काढता येतं?"

"नाही येत म्हणे."

"अजून वरच आहे?"

"वरच आहे."

"बरं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. उठली, साडीच्या निऱ्या नीट केल्या आणि गर्दीत गेली. अंबरनाथच्या रिक्षांकडे वळली की भाभीच्या गल्लीकडे, ते मला जिन्याखालून दिसलं नाही.

पुढचं गिऱ्हाईक कधीचं उभं होतं. एक नवी सून, बँकेत खातं उघडायला निघालेली, हातात दोन दाखले. मी नावं भरली, पत्ता भरला, नेहमीचं वाक्य टाइप करायला घेतलं. "दोन्ही नावांची व्यक्ती एकच" इथपर्यंत आले आणि थांबले.

"काय झालं ताई, लाइट गेली का?" तिने विचारलं.

मी म्हटलं नाही, आणि वाक्य पूर्ण केलं.